‘सोयीचे आहे’ एवढ्यावर भागत नाही, सेंटिमीटर छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवासाच्या पुरवण्यांत हल्ली ‘व्हीलचेअरवरून जाता येईल अशी ठिकाणे’ या मथळ्याखाली अधूनमधून यादी येते. हेतू चांगला आहे. पण यादीत नावे ठरलेली असतात: नवी चकचकीत शहरे, मोठे मॉल, विमानतळालगतची हॉटेले. आणि प्रत्येक नावापुढे तोच शेरा, ‘व्हीलचेअर-फ्रेंडली’. खुर्चीवरून फिरणाऱ्याला या शेऱ्याचा काडीचा उपयोग नाही. दार किती रुंद, उतार किती चढा, कमोडच्या शेजारी खुर्ची उभी राहते की नाही, हे कळल्याशिवाय तिकीट काढण्यात अर्थ नसतो. आणि एकदा मापे विचारायला लागले की यादीच उलटीपालटी होते. ‘तुम्हाला जमायचे नाही’ म्हणून बाजूला ठेवलेली कित्येक ठिकाणे सरळ निघतात, हमखास मानलेली दारातच अडवतात.

पॅरिसची मेट्रो जगभर नावाजलेली, पण तिच्या जाळ्यात पहिल्यापासून शेवटच्या स्थानकापर्यंत पायरी न लागणारी मार्गिका एकच, १९९८ साली सुरू झालेली १४ क्रमांकाची. त्याच शहरातल्या बसमधून मात्र उतरती फळी बाहेर येते. लंडनला भुयारी रेल्वेच्या साधारण एक तृतीयांश स्थानकांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत बिनपायरीची वाट आहे. रस्त्यावरची बस कुठेही फळी टाकते. म्हणून शहर निवडताना मेट्रोच्या नकाशाला भुलू नये, आधी बस बघावी.

याच्या उलट व्हेनिस. चारशेहून अधिक पूल आणि बहुतेकांना पायऱ्या, त्यामुळे कोणीही सांगेल की तिथे जाऊ नका. पण तिथली सार्वजनिक वाहतूक बोटीची, आणि मोठ्या कालव्यातून जाणाऱ्या १ व २ क्रमांकाच्या मोठ्या बोटींचा डेक तरंगत्या धक्क्याच्या जवळपास पातळीत येतो. खुर्ची सरळ आत जाते. युक्ती एवढीच की नकाशावर पूल मोजायचे नाहीत. आधी बोटीचा धक्का धरायचा आणि तिथून एकही पूल न ओलांडता किती फिरता येते ते बघायचे. हॉटेलही असेच निवडायचे, धक्का आणि हॉटेल यांच्या मधे पूल शून्य. शिवाय शरद ऋतूतल्या मॅरेथॉनसाठी काही पुलांवर लाकडी उतार बसवतात आणि ते शर्यतीनंतर काही महिने तसेच ठेवतात. त्या काळात पाण्याकाठचा लांब पट्टा सलग फिरता येतो. मौज म्हणजे याच शहरात २००८ साली बांधलेल्या नव्याकोऱ्या पुलाला पायऱ्या ठेवल्या. मग ओरड झाल्यावर बाजूने सरकणारी एक केबिन लटकवली, ती धड चालली नाही आणि २०२० साली काढून टाकावी लागली. ‘नवे म्हणजे सोयीचे’ असे मानणाऱ्यांनी हा पूल बघून घ्यावा.

मग अनपेक्षित सोयीची ठिकाणे शोधायची कशी? आमच्या मते सगळ्यात फलदायी खूण ही: जिथे दुसऱ्याच कामासाठी चाके चालवावी लागली किंवा माणसांना जमिनीवरून उचलून धरावे लागले, तिथे आधी बघा. आगगाडीला चढ झेपत नाही. म्हणून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून काढलेल्या वाटा डोंगराळ मुलखातही साधारण दोन टक्क्यांच्या आसपासच चढतात. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा जुन्या मार्गांच्या ‘हरित वाटा’ होत आल्या आहेत. न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल रेल ट्रेल १५२ किलोमीटरची आहे आणि २००० साली खुली झाली. चढ सौम्य असला तरी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. वरचा थर दाबून बसवलेल्या बारीक खडीचा आहे की सुटी खडी पसरली आहे? आणि मोटारसायकली किंवा गुरे अडवायला लावलेल्या फाटकांतून ७० सेंटिमीटर रुंद खुर्ची जाते का? चढ सुसह्य, पण पहिल्याच फाटकापाशी माघार, हा प्रकार या वाटांवर नेहमीचा.

अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये गरम झऱ्यांभोवतीची जमिनीची पापडी इतकी पातळ की तिच्यावर पाय ठेवणे धोक्याचे. म्हणून फळ्यांच्या वाटा घालाव्या लागल्या, आणि ओल्ड फेथफुलच्या परिसरात त्यांवरून खुर्ची आरामात फिरते. इग्वाझू धबधब्याच्या अर्जेंटिनाकडच्या बाजूला नदीच्या प्रवाहावरून लोखंडी जाळीच्या वाटा आहेत. वरचा मार्ग आणि ‘सैतानाचा घसा’ या मुख्य कोसळत्या धारेपर्यंतची वाट खुर्चीवरून करता येते. खालच्या मार्गाला पायऱ्या आहेत, तिकडे वळू नये. आणि फळ्यांची वाट दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नये. क्रोएशियातल्या प्लिटविस सरोवरांवर अशाच सुंदर वाटा आहेत, पण अरुंद, बिनकठड्याच्या आणि मधूनच पायऱ्यांच्या.

उंच डोंगरांचेही तसेच. पायथ्याच्या गावात फिरणे जड जाईल, पण स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटरवरच्या स्थानकापर्यंत रेल्वे जाते आणि वरचा बराच भाग लिफ्टने जोडलेला आहे. केपटाउनच्या टेबल माउंटनवर १९९७ पासून फिरत्या तळाच्या मोठ्या केबिन आहेत. खुर्ची एका जागी उभी करून ब्रेक लावला की देखावाच भोवती फिरतो, आणि माथ्यावरच्या काही वाटा सपाट केलेल्या आहेत. युंगफ्राउयोखबाबत एक सावधगिरी: त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. मानेजवळ मणक्याला इजा झालेल्यांची किंवा स्नायूंच्या आजाराने छातीचे बळ कमी झालेल्यांची आधी डॉक्टरांशी बोलणी झालेली बरी. अशा शरीराला थंडीत स्वतःचे तापमान राखणेही जड जाते.

जुनी शहरे आणि वास्तू हा सर्वात गैरसमजाचा भाग. युरोपीय संघ सुगम शहरांना दरवर्षी पुरस्कार देतो. त्याचा पहिला मान, २०११ सालचा, गेला स्पेनमधल्या आविलाला, म्हणजे मध्ययुगीन तटबंदीच्या आतल्या दगडी गावाला. २०१७ साली इंग्लंडमधले चेस्टर आले, ज्याचे तट मुळात रोमनांचे. २०१९ साली नेदरलँड्समधले ब्रेडा.

ब्रेडाने रस्त्यांचे जे केले ते इथे जवळून बघण्यासारखे आहे, कारण दगडी फरसबंदी ही खुर्चीची खरी वैरीण. खुर्चीची मागची चाके मोठी, साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची, ती कशीबशी निभावून नेतात. अडकतात ती पुढची छोटी चाके. त्यांचा व्यास १० ते १५ सेंटिमीटर. दोन गोटे-दगडांच्या मधली सांध दोन-अडीच सेंटिमीटरची असली की छोटे चाक तिच्यात बसते, आडवे फिरते आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. बसलेला माणूस मात्र पुढे जातच राहतो. शिवाय सततच्या हादऱ्यांनी पायांना आकडी येते आणि बोल्ट सैल होतात. ब्रेडाने जुने दगड फेकले नाहीत. ते उपसून काढले, आडवे कापले आणि कापलेली सपाट बाजू वर करून पुन्हा बसवले. रस्ता जुनाच दिसतो, चाक मात्र घसरत पुढे जाते. जिथे असे केलेले नाही तिथे दोन उपाय. एक, पायपट्टीला अडकवायचे मोठे तिसरे चाक, जे छोट्या चाकांना जमिनीपासून उचलून धरते. हाताने चालवायच्या, न दुमडणाऱ्या खुर्चीला ते उत्तम बसते, दुमडत्या खुर्चीला वेगळा जोड लागतो. दुसरा, मागे वळून उलटे ओढत नेणे. त्याला माणूस लागतो आणि सहनशक्तीही.

तोच प्रश्न देवळे-किल्ल्यांचा. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर २००४ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बसवलेली लिफ्ट वारंवार बंद पडायची. डिसेंबर २०२० मध्ये टेकडीच्या उतारावर नवी लिफ्ट सुरू झाली आणि वर काँक्रीटच्या वाटा घातल्या गेल्या. त्या काँक्रीटवर पुरातत्त्वाच्या जाणकारांपैकी काहींनी कडाडून टीका केली. तिच्यात तथ्य असेलही, पण पार्थेनॉनपाशी खुर्ची आता पोचते. जपानमध्ये ओसाकाचा किल्ला १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला, म्हणून रसिक नाके मुरडतात. खुर्चीवरच्या माणसाला मात्र लिफ्टने त्याच्या माथ्यापर्यंत जाता येते. नागोयाच्या काँक्रीटच्या बुरुजातही लिफ्ट होती. भूकंपाच्या भीतीने तो २०१८ साली बंद केला आणि मूळ होता तसा लाकडी, बिनलिफ्टचा बांधायचा बेत निघाला, त्यावरून तिथे मोठा वाद झाला. ‘अस्सल’ म्हणून मिरवणाऱ्या वास्तूपेक्षा ‘नकली’ म्हणून हिणवलेली वास्तू पुष्कळदा आपल्या कामाची असते, हे यादी करताना लक्षात ठेवावे. आणखी एक: जुन्या वास्तूत लिफ्ट असली तरी बहुधा मागच्या दाराशी असते आणि किल्ली रखवालदाराकडे. कोणते दार, कोणत्या वेळेत, कोणाला फोन करायचा, हे आधीच लिहून घ्यावे.

समुद्राचे पाणी अंगावर घेणे अशक्यच, असे कित्येक जण धरून चालतात. ग्रीसमधल्या अनेक किनाऱ्यांवर ‘सीट्रॅक’ नावाची सोय आहे: किनाऱ्यावरून पाण्यात उतरणारा रूळ, त्यावर सरकणारी खुर्ची, सौरऊर्जेवर चालणारी, आणि हातात रिमोट. आपल्या खुर्चीवरून तिच्यावर सरकून बसायचे आणि बटण दाबायचे. इतर किनाऱ्यांवर चटया अंथरलेल्या असतात, पण त्या बहुधा पाण्याच्या दहा-वीस मीटर अलीकडेच संपतात. चटई कुठपर्यंत आहे हे ओहोटीच्या वेळचा फोटो मागवून बघावे. भरतीच्या फोटोत सगळेच जवळ दिसते.

भरती-ओहोटीवरून आठवले. तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्याला किनाऱ्याशी जोडणारा पूल मात्र तेवढ्याच लांबीचा राहतो. पूल २० मीटरचा आणि ओहोटीला पाणी ३ मीटर खाली गेले, तर उतार १:७ च्या आसपास होतो (सात मीटरला एक मीटर), म्हणजे खुर्चीसाठी घसरगुंडीच. भरतीच्या आगेमागे दोन तासांत बोट धरली तर तोच पूल जवळपास सपाट असतो. मोठ्या जहाजाच्या सफरीत कोणत्या बंदरात जहाज धक्क्याला लागते आणि कोणत्या बंदरात ते खोल पाण्यात थांबवून प्रवाशांना लहान बोटीने नेतात, हे आरक्षणाआधी विचारावे. लहान बोटीत वजनदार खुर्ची सहसा घेत नाहीत, आणि मग त्या बंदराचे दर्शन डेकवरूनच.

आता हॉटेलाचे. ‘खोली व्हीलचेअरवाल्यांसाठी आहे का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येणारच. म्हणून आकडे आणि फोटो मागावेत, फोटोत मोजपट्टी दिसलीच पाहिजे. दाराची फळी ८० सेंटिमीटरची असली तरी वाट ८० ची नसते. दार नव्वद अंशांत उघडले तर फळीची स्वतःची जाडी आणि चौकटीची पट्टी मिळून चार-पाच सेंटिमीटर खातात, उरतात ७५. खुर्ची ६५ ते ६८, आणि चाक ढकलणाऱ्याची बोटे दोन्ही बाजूंना. तेव्हा मोजमाप उघड्या फळीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या चौकटीपर्यंतचे मागावे. ८० च्या पुढे असेल तर निर्धास्त जावे. अडलेच तर न्हाणीघराचे दार बिजागऱ्यांतून काढून तिथे पडदा लावून द्या असे सांगावे. दहा मिनिटांचे काम आहे, बहुतेक हॉटेले करतात, पण सांगितल्याशिवाय कोणाला सुचत नाही.

‘एकच पायरी आहे’ हे वाक्य कानावर आले की सावध व्हावे. बॅटरीवरची खुर्ची शंभर ते दीडशे किलोची असते, वर माणसाचे वजन. ती दोघांनी उचलायची गोष्ट नाही. मान्य प्रमाण आहे १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटरचा उतार, तीन पायऱ्यांना ५.४ मीटरचा. ‘तीन पायऱ्या आहेत, पण आमच्याकडे दोन मीटरची फळी आहे’ असे सांगतात तेव्हा तो उतार १:४ च्या जवळ गेलेला असतो. हाताची खुर्ची त्यावर मागे उलटते. बॅटरीची खुर्ची खाली पायपट्टीने अडते नाहीतर वरच्या टोकाला पोटाशी टेकून लटकते. फळीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तीही बघावी. आडवा उतार तर कोणाच्या गावीही नसतो. पाणी वाहून जावे म्हणून पदपथ रस्त्याकडे कललेला असतो. तो कल दोन टक्क्यांच्या वर गेला की खुर्ची सारखी रस्त्याकडे ओढते आणि एकाच हाताला सगळी मेहनत पडते.

कमोडची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर हवी आणि बाजूला ९० सेंटिमीटर मोकळी जागा. ही जागा कमोडवर बसल्यावर डावीकडे येते की उजवीकडे, हा प्रश्न यादी छापणारे कधीच विचारत नाहीत. ज्याची एकच बाजू चालते त्याला चुकीच्या बाजूची मोकळी जागा म्हणजे भिंतच. न्हाणीघरात खुर्ची वळवायला दीड मीटरचे वर्तुळ लागते. पलंग आजकाल ६५-७० सेंटिमीटर उंच असतात, खुर्चीची बैठक ५० च्या आसपास; उतरता येते, चढता येत नाही. वरची जादा गादी काढून घ्यायला सांगावे. माणसाला पलंगावरून उचलणारे चाकांचे उचलयंत्र वापरणाऱ्यांनी पलंगाखाली साधारण १५ सेंटिमीटर पोकळी आहे का ते विचारावे, कारण पेटीच्या पलंगाखाली यंत्राचे पाय शिरत नाहीत. लिफ्टचा आतला आकार ११० × १४० सेंटिमीटर असला तर खुर्ची आत जाते, पण वळत नाही, मागे मागे येतच बाहेर पडावे लागते. लिफ्टच्या मागच्या भिंतीवर आरसा लावतात तो त्यासाठी असतो, केस विंचरायला नव्हे.

विमानाबद्दल थोडक्यात. आरक्षणातच संकेत टाकून घ्यावा: ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत, ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे आसनापर्यंत न्यावे लागते. चुकीचा संकेत पडला की विमानाच्या दाराशी अरुंद खुर्ची आणि माणसे येत नाहीत. सूचना निदान ४८ तास आधी द्यावी. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंत चालते, ती सोबत केबिनमध्ये न्यायची. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-तासांची बॅटरी २८८ होते. टोकांना चिकटपट्टी लावावी. खुर्ची ताब्यात देताना कुशन, पायपट्ट्या, बाजूच्या झडपा आणि जॉयस्टिक काढून घ्यावी, उरलेल्या खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि मोटर मोकळी करायची खटकी कुठे आहे ते खुर्चीवरच लिहून चिकटवावे. बोइंग ७३७ सारख्या विमानाच्या मालकप्प्याचे दार मीटरभरही उंच नसते. पाठ दुमडता आली नाही की खुर्ची आडवी घालतात आणि मोडतोड तिथेच होते. हवेचे कुशन असेल तर वर गेल्यावर ते फुगून टणक होते, थोडी हवा सोडावी आणि उतरल्यावर पुन्हा भरावी.

शोधताना उपयोगी पडणारी साधने आहेत. बर्लिनमध्ये २०१० साली सुरू झालेला ‘व्हीलमॅप’ हा नकाशा दुकाने-उपाहारगृहांना हिरवा, नारिंगी, लाल असे रंग देतो. रंग लोकांनीच भरलेले असल्याने त्यावर अंतिम निर्णय ठेवू नये, पण कुठे फोन करायचा ते कळते. प्रवाशांच्या फोटोंत बाबागाड्या शोधाव्यात. जिथे त्या दिसतात तिथे निदान एक वाट चाकांना मोकळी असते. फोटोची तारीख बघायला विसरू नये.

आता आपल्याकडे मागणी. सर्वांसाठी सुगम पर्यटनाचे ‘आयएसओ २१९०२’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे मापे विचारली तर हॉटेलांना आणि पर्यटन खात्यांना तोंड वाकडे करायचे कारण नाही. पुरवणीतल्या प्रत्येक ठिकाणाखाली चौकटीत एवढे छापावे: मुख्य दाराची मोकळी रुंदी, सर्वात मोठी पायरी किंवा सर्वात चढा उतार, रस्त्याचा पृष्ठभाग, लिफ्टचा आतला आकार, जवळचे खुर्ची शिरेल असे स्वच्छतागृह किती मीटरवर आणि त्यात मोकळी जागा कोणत्या बाजूला. ‘फ्रेंडली’ हा शब्द खुशाल गाळावा, जागा वाचेल.

चौकटीखाली मापे कोणत्या महिन्यात घेतली तेही छापावे. इग्वाझूच्या ‘सैतानाचा घसा’पर्यंतच्या ज्या वाटेचे वर कौतुक केले, ती ऑक्टोबर २०२२ च्या पुरात मोडून पडली होती आणि दुरुस्तीनंतर पुढच्या वर्षी पुन्हा उघडली. मधल्या काळात छापलेल्या याद्यांवर विसंबून निघालेल्यांना फाटकापासून परतावे लागले असते.

आपले,
व्हीलचेअरवरच्या प्रवासाची आखणी करणारे काही वाचक